शिळी टपली

माझं काम लोकांच्या पाठीमागे बसण्याचं आहे. यात गूढ काही नाही, धंद्याची रीत आहे. कान तपासताना पेशंटला माझा हात दिसता कामा नये. हात हललेला दिसला की आवाज न ऐकताच तो बटण दाबतो, आणि मग घरी जाऊन सांगतो की माझे कान ठणठणीत आहेत, ती बाई उगाच कानाचं मशीन गळ्यात मारत होती. म्हणून केबिनमधली खुर्ची काचेकडे पाठ करून ठेवलेली असते. काचेच्या अलीकडे मी, माझं टेबल, टेबलावर आवाज सोडायचं यंत्र आणि त्यावर एक छोटा हिरवा दिवा. आत बसलेल्याने बटण दाबलं की तो दिवा लागतो. अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या मानांकडे बघत पोट भरते आहे. चेहरे मी विसरते, माना लक्षात राहतात.

माझी जागा सीताबर्डीत, साड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. खाली दिवसभर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांचा गलका, वरून मेट्रो. मेट्रो गेली की खिडकीतली काच बारीक थरथरते आणि मी तिला शिव्या घालते. पण केबिनचं जाड दार ओढलं की सगळं एकदम तुटतं. आत मिनिटभर बसलं तर स्वतःच्या कानातलं रक्त वाहताना ऐकू येतं. काही लोकांना ते सोसत नाही. एक कापडाचे व्यापारी दार उघडून बाहेर आले होते आणि म्हणाले होते, आत कोणीतरी आहे. मी त्यांना हसले होते. तेव्हा मी फार हसायची.

गेल्या हिवाळ्यात कामठीहून एक जोडपं आलं. ते पंचाहत्तरीच्या पुढचे, ताठ, मिशा पांढऱ्या पण कातरलेल्या. बाई त्यांच्यापेक्षा लहान, अंगाने बारीक, गळ्याभोवती मफलर. आल्या आल्या "जय भीम, मॅडम" म्हणाल्या आणि माझे कान टवकारले. आवाज घोगरा होता, पुरुषासारखा खाली उतरलेला. माझ्या धंद्यात असा आवाज ऐकला की मन आपोआप वाईट बाजूला जातं.

"हे आमचे. फौजेत होते. यायले ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "मले यांच्याशी बोलाचं आहे."

"रोज बोलत नाही का?" मी विचारलं.

"बोलते जी. पण हे ऐकत नाही, पाह्यतात. ओठ पाहून समजतात. नको असलं की तोंड फिरवतात. झालं बोलणं."

नवरा त्यांच्या ओठांकडे बघत होता. त्याने खरोखरच तोंड खिडकीकडे फिरवलं.

बाईंच्या गळ्यात गाठ होती. पंधरा दिवसांनी ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल, नंतर आवाज राहणार नाही. मुलगा पुण्याला, तो ऑपरेशनला येणार होता. बाईंना त्या आधी नवऱ्याला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती त्याने कानांनी ऐकायला हवी होती.

मी जरा खेकसलेच. "मग लिहून द्या ना."

"दोनदा लिहून देलं. चष्मा सापडत नाही म्हणतात. पहिल्या ओळीत माह्या भावाचं नाव वाचलं का कागदाची घडी करतात."

"अशी काय गोष्ट आहे?"

"ती यायलेच सांगाची आहे," बाई म्हणाल्या. मग बहुधा मला वाईट वाटेल म्हणून माझ्या टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं.

नवऱ्याला आत नेलं. ते खुर्चीत बसले आणि तसेच उठले. खुर्ची उचलून त्यांनी कोपऱ्यात नेली, भिंतीला घट्ट टेकवली आणि मग बसले. मी सांगितलं, असं चालत नाही. काचेकडे पाठ करायची. त्यांनी माझे ओठ नीट वाचले आणि शांतपणे म्हणाले, "माह्या मागं कोणी बसाचं नाही." बहिऱ्या माणसाचा आवाज होता, केबिनला न मावणारा. मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, घरीसुद्धा यांची खाट भिंतीला, जेवायचं ताट भिंतीला. एका लग्नात पाहुणे मागून फोटो काढायला लागले तर हे मांडवातून उठून गेले होते.

पंधरा दिवसांचा प्रश्न होता. मी माझा नियम मोडला. हात दिसू नये म्हणून यंत्रासमोर एक फाइल उभी केली आणि जन्मात पहिल्यांदा पेशंटच्या तोंडासमोर बसून कान तपासले. तसं करायला नको होतं असं आजही वाटतं, कारण त्यांची मान दिसली असती तर चाललं असतं. चेहरा दिसायला नको होता.

बारीक आवाज त्यांना येत नव्हते. पक्ष्याची शीळ, शिट्टी, लहान मुलाचं बोलणं, त्या टप्प्यातलं सगळं गेलेलं. खालच्या पट्टीत मात्र थोडं शिल्लक होतं, जुन्या भांड्याच्या तळाशी राहतं तेवढं. हे सगळं मी कागदावर मांडत होते. मधेमधे मी मुद्दाम गप्प राहते. आवाज सोडतच नाही, कोणी अंदाजाने बटण दाबतंय का ते बघायला. मी थांबले आणि हिरवा दिवा लागला. दोनदा. टिक, टिक. परत आवाज सोडला, ठीक चाललं. परत थांबले. परत दोनदा. दर वेळी दोनच, सारख्या अंतराने. आणि दर वेळी त्यांचं डोकं किंचित खाली दबायचं, वरून कोणी हलकेच टपली मारावी तसं.

त्यांच्या डोक्यावर काही नव्हतं. मागे भिंत होती.

मी दार उघडलं आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: आवाज नसताना बटण दाबू नका. खोटा रिपोर्ट येईल.

त्यांना राग आला नाही. "आवाज नव्हता मॅडम," ते म्हणाले. "टपली होती. तुम्ही म्हणाल्या काही समजलं का दाबा. म्हणून दाबलं."

चार दिवसांनी ते एकटेच आले. कानाचा साचा घ्यायचा होता. मशीन कानात नीट बसावं म्हणून आधी कानात मऊ लगदा भरतात आणि तो घट्ट व्हायची वाट बघतात. त्या दहा मिनिटांत दोन्ही कान बंद, माणसाला काही सुचत नाही आणि तो बोलायला लागतो. लोकांनी मला त्या दहा मिनिटांत काय काय सांगितलं आहे, कोणाला सांगण्यासारखं नाही. त्यांनी कोपऱ्यात उभी असलेली पुठ्ठ्याची नळी मागितली. कॅलेंडर त्यात आलं होतं. नळी उजव्या खांद्यावर ठेवली आणि पुढच्या टोकातून माझ्या फाइलींच्या कपाटावर नेम धरला. एकाएकी ते म्हातारे दिसेनात.

"ही असंच असते," ते म्हणाले. "दोन्हीकून उघडी. नुसती नळी."

एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्याकडे रॉकेट लाँचर होतं. रणगाडा थांबवायचा तर तोफ लागते, पण तोफ खांद्यावर घेऊन पळता येत नाही. तोफेचा धक्का मागे येतो, खांदा जागेवर राहणार नाही. म्हणून ही युक्ती. बंद नळीत बार उडवायचाच नाही. रॉकेट स्वतःच्या आगीने पळतं, नळी त्याला फक्त रस्ता दाखवते, आणि आग मागच्या तोंडातून बाहेर जाते. खांद्याला काही लागत नाही. त्यांनी नळीच्या मागच्या टोकावर तळहात ठेवला. "खांद्याचं दुखणं मागं ढकललं. म्हणून मागं उभा राहील तो गेला. पुढच्यासारखाच गेला."

रॉकेटच्या नाकात तांब्याचा नरसाळ्यासारखा पोकळ भाग असतो, हेही त्यांनी सांगितलं. स्फोटाचा सगळा जोर त्या नरसाळ्यामुळे एका टोकाला गोळा होतो. रणगाड्याचं पोलाद फुटत नाही, त्याला बोट जाईल एवढं भोक पडतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काहीच झालं नाही. आत सगळं संपलेलं असतं. हे सांगताना ते माझ्या दिव्याकडे बघत होते.

लाँचरला दोन माणसं. एक नंबर नेम धरतो. दोन नंबर मागून रॉकेट घालतो, त्याची तार जोडतो, बाजूला सरकतो, वळून मागे पाहतो. मागे कोणी नसलं तर एक नंबरच्या लोखंडी टोपावर दोन टपल्या मारतो. बोलून उपयोग नसतो, त्या गदारोळात ऐकू येत नाही. दोन टपल्या म्हणजे रॉकेट भरलं, मागे साफ, आता तू बघ. एक नंबरला मागे वळून बघायची मुभाच नाही. त्याची पाठ दुसऱ्याच्या हवाली केलेली असते.

"आणि टपली शिळी होते," ते म्हणाले.

मी भुवया उंचावल्या.

"टपली मिळाली का लगेच फायर कराचं. थांबले तर ते टपली शिळी झाली. मंधातल्या वेळात मागं काय झालं तुम्हाले काय माहीत? पुन्हा मांगाची. पुन्हा तो मागं पाहीन, पुन्हा दोन टपल्या देईन. कामठीच्या ट्रेनिंग सेंटरले पंधरा वर्षं उस्ताद होतो मी. पोरांले हेच घोकवलं. एकानं शिळ्या टपलीवर फायर केला तर त्याले दिवसभर ग्राउंडवर पळवलं. पोरं म्हणत, उस्ताद पागल आहे. कान तिथंच गेले."

मग त्यांनी आवाज खाली आणला. म्हणजे त्यांना तसं वाटलं असावं, बाहेर बाकावर बसलेल्या दुसऱ्या पेशंटने वर पाहिलं.

त्यांचा दोन नंबर म्हणजे त्यांचा मित्र. एकाच बसने भरतीला गेलेले. त्या सकाळी उसाच्या शेताच्या कडेला दोघं पडून होते. रणगाडा दिसला, रॉकेट भरलं, दोन टपल्या मिळाल्या. तेवढ्यात रणगाडा झाडांच्या आड गेला. त्याची बाजू दिसेपर्यंत थांबायचं होतं, समोरचं पोलाद जाड असतं. ते थांबले. बराच वेळ थांबले. दुसरं रॉकेट मागे चार पावलांवर सरीत राहिलं होतं. मित्राला वाटलं असावं, वेळ आहे, ते ओढून आणू. तो मागे सरकला.

"बाजूले त्याचा श्वास ऐकू येत होता मॅडम. मंग येणं बंद झालं. तेव्हा कान चांगले होते. मले समजाले पाहिजे होतं. पुन्हा टपली मांगाले पाहिजे होती. रणगाडा आला आन् मी फायर केला."

फायर केला की मागे धुळीचा लोट उठतो, जागा उघडी पडते, म्हणून लगेच सरकायचं असतं. ते डावीकडे तीसेक पावलं सरपटत गेले, नळी खांद्यावर घेतली आणि दुसऱ्या रॉकेटची वाट पाहू लागले. टोपावर दोन टपल्या पडल्या. त्यांनी चाप ओढला. काही झालं नाही. नळी रिकामी होती. मागे वळून पाहिलं तर मागे कोणीच नव्हतं. धूळ होती.

"ते टपली मले पडली," ते म्हणाले. "लोखंडावर वाजली. तेव्हापासून पडून राहिली आहे."

चौकशीत लिहिलं गेलं की मेलेला जवान जागा सोडून मागे गेला. चूक त्याची ठरली. यांनी होकाराची मान हलवली. मग मित्राची ट्रंक घेऊन हे त्याच्या गावी गेले. घरात म्हातारे आईवडील आणि एक बहीण. दोन वर्षांनी दोन्हीकडच्या मोठ्यांनी ठरवलं आणि त्या बहिणीशी यांचं लग्न झालं.

"तिले वाटते तिचा भाऊ लापरवा होता," ते म्हणाले. "तुम्ही सांगू नका."

मी त्यांच्या कानातून साचे काढले. साच्यांवर उजवा-डावा लिहिताना अदलाबदल केली आणि मला स्वतःचाच राग आला. अठ्ठावीस वर्षं काम केलेल्या बाईने उजवा-डावा चुकवायचा म्हणजे काय.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी घाबरले होते. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मी यंत्र तपासून घेते. एका सकाळी दार उघडं, केबिन रिकामी, बटण आपल्या आकड्याला टांगलेलं. मी टेबलाशी बसून चहा पीत होते आणि हिरवा दिवा लागला. टिक, टिक. उठून आत गेले. बटण आकड्यावर होतं, हलतसुद्धा नव्हतं. मेट्रो गेली असेल म्हणून मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मेट्रो त्यानंतर चार मिनिटांनी आली. दुसऱ्या दिवशी परत तेच. मेकॅनिकला बोलावलं. त्याने तास घालवला, वायर बदलली, म्हणाला, कुठंच काही नाही मॅडम, पण जुनी होती म्हणून बदलली.

दिवा थांबला, माझं मात्र बिघडलं. रस्त्याने चालताना मी वळून बघायला लागले. भाजी घेताना गाडीवाल्याकडे पाठ करवेना. माझा नवरा एकदा स्वयंपाकघरात मागून आला आणि मी हातातली पळी फेकली. तो म्हणाला, काहून वं, मी परका आहो काय? त्याला काय सांगणार? इतकी वर्षं लोकांनी आपल्या पाठी माझ्या हवाली केल्या होत्या. मी मागे काय करते आहे हे एकानेही वळून पाहिलं नव्हतं. पहिल्यांदाच वाटलं की ही फार मोठी गोष्ट होती आणि मी ती कधी मोजली नव्हती.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी दोघं मशीन लावून घ्यायला आले. दुपारची वेळ होती. बाईंचा आवाज आणखी उतरला होता, आता शब्द खरवडून काढावे लागत होते. आणि तिथेच मला एक गोष्ट सुचली, जी माझ्या आधीच लक्षात यायला हवी होती. बाईंचा पहिला आवाज बारीक होता, चिवचिवाट, असं त्याच म्हणाल्या होत्या. तो या माणसाच्या कानांना कितीही मोठं मशीन लावलं तरी आला नसता. गाठीने आवाज खाली ओढला आणि त्यांच्या उरल्यासुरल्या टप्प्यात आणून सोडला. आता ऐकू येण्यासारखा होता. दोन दिवस.

केबिनमधली खुर्ची त्यांनी पुन्हा भिंतीला लावून घेतली होती; दार उघडं ठेवून मी मशीन लावलं, चालू केलं. ते दचकले. पहिल्यांदा सगळ्यांचं होतं, पंख्याचा आवाजसुद्धा अंगावर येतो. पण यांना पाठीमागचा आवाज जास्त भिववत होता. डोळ्यांनी फक्त पुढचं कळतं. बहिऱ्याच्या मागे काही नसतं, आणि आता एकदम त्यांच्या मागे खिडकी होती, जिना होता, कोणाच्या चपला होत्या. त्यांनी दोन्ही हात कानांवर नेले. "मागं आहे," ते म्हणाले. "मागं कोणी आहे. काढा हे."

मी काढायला पुढे झाले. बाईंनी मला हाताने थांबवलं. त्या त्यांच्या समोर बसल्या आणि ओठ मोठे करून म्हणाल्या, "मी मागं उभी राहते. म्हणजे दुसरं कोणी तिथं राहणार नाही."

त्यांनी कानांवरचे हात काढले. मग स्वतः उठले. खुर्ची भिंतीपासून ओढली आणि काचेकडे पाठ करून ठेवली, अगदी माझ्या नियमाप्रमाणे. बसले. दोन्ही हातांनी बटण धरलं. त्यांची मान मला पहिल्यांदा दिसली. उजव्या बाजूला कानाखाली भाजल्याचा जुना, चकचकीत डाग होता.

मशीन लावल्यावर अशी चाचणी घेतातच. घरच्या माणसाने मागे उभं राहून शब्द वाचायचे, म्हणजे ओठ दिसत नाहीत. पेशंटने ऐकू आलं की बटण दाबायचं. मी बाईंच्या हातात शब्दांचा कागद दिला. आंबा, पाणी, दिवा, माती. दार अर्धवट उघडं ठेवलं आणि माझ्या जागेवर येऊन बसले. बाई त्यांच्या मागे दोन पावलांवर उभ्या राहिल्या. कागदाची त्यांनी घडी घातली.

"ऐकू येते काय?" त्या म्हणाल्या.

हिरवा दिवा लागला, विझला.

"तुम्ही झोपेत बोलता," बाई म्हणाल्या. "लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून बोलता. जोरात बोलता. टपली शिळी होती, मी पुन्हा मांगितली नाही. तो मागं गेला, मी पुन्हा मांगितली नाही. हप्त्यातून चारदा तरी. पोरगा लहान होता तर मी त्याच्या कानावर हात ठेवून झोपवत होती."

दिवा लागला नाही. त्यांची मान हलली नाही.

"दादाची चूक नव्हती हे मले तेव्हापासून माहीत आहे. पहिले दोन वर्षं मी तुमच्याशी नीट बोलली नाही. तुम्हाले वाटलं लाजते. तेव्हा सांगाची हिंमत नव्हती. हिंमत आली तोवर तुमचे कान गेले. मंग लिहून देलं, तर तुमचा चष्मा सापडेना." त्या थांबल्या, गळ्याला हात लावला, पुन्हा जोर केला. "माय मरत होती तेव्हा मी तिले सांगितलं, दादा जागा सोडून पळाला नव्हता. तुमचं नाव नाही घेतलं. राग होता. खूप होता. अजून थोडा आहे. पण मले सोडून जाचं असतं तर मी पहिल्याच महिन्यात गेली असती. आता माहा आवाज जाते. म्हणून सांगून ठेवते. मले माहीत आहे. बस."

हिरवा दिवा लागला. विझण्याची मी वाट पाहिली. तो विझला नाही. त्यांनी बटण दाबलं होतं आणि तसंच धरून ठेवलं होतं. त्यांचे खांदे हलत होते, मान मात्र ताठ. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही, कारण माझ्या मागे कोणी नव्हतं.

बाई पुढे झाल्या आणि त्यांच्या डोक्यावर हलकेच दोन टपल्या मारल्या.

मार्चमध्ये ते दोघं मशीन साफ करून घ्यायला आले. ऑपरेशन ठीक झालं होतं. बाईंच्या गळ्याला पांढरा रुमाल, आणि आवाज नाही. ओठ हलायचे, नुसती हवा यायची. मी बाईंना विचारलं, हे मशीन वापरतात का? त्यांनी गालाखाली हात ठेवून दाखवलं, झोपतानासुद्धा.

मी रागावले. झोपताना काढायचं असतं, कान खराब होतो, हे मी लिहूनसुद्धा दिलं होतं.

"मी काय बोलतो ते मले ऐकाचं होतं," ते म्हणाले. आवाज आता केबिनला मावेल एवढा झाला होता. "पन्नास वर्षं तिनं ऐकलं, मी नाही ऐकलं. पण आता बोलतच नाही मॅडम. रात्रभर कान लावून पडतो. ती बोलत नाही, मी बोलत नाही. घरात काहीच ऐकू येत नाही."

"आणि टपली?" मी विचारलं.

ते बुटाची नाडी बांधायला वाकले. निघायची वेळ झाली होती. बाईंनी वळून मागे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यावर दोनदा टपली मारली. घरात आता हीच त्यांची भाषा झाली असावी. त्यांना मात्र नाडीला वेळ लागला, बोटं आखडली होती. तेवढ्यात मी त्यांची फाइल कपाटात ठेवायला उठले आणि खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिले.

नाडी बांधून झाली. ते उठले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, समोर बघत बसून राहिले.

"पुन्हा," ते म्हणाले.

बाईंनी वळून पाहिलं. मी दिसले. त्यांनी मला हाताने बाजूला व्हायची खूण केली. मी सरकून भिंतीला टेकले. त्यांनी मोकळी झालेली जागा नीट पाहून घेतली, माझ्याकडे पाहिलं त्यापेक्षा जास्त वेळ, दारापर्यंत. मग दोन टपल्या दिल्या, आणि ते उठले.